फळ्याची उजवी बाजू

"ढाके सर, एकशे अडुसष्ट!"

फालक गुरुजींनी माझा आकडा कवायतीच्या हुकमासारखा ठोकला आणि माझ्या हातातला खडू तुटला. मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो. मागे पंचवीस-तीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, कानटोप्या घातलेली.

"लिहा, सर, लिहा! स्वतःचा आकडा लिहायला कसली लाज? उजवीकडे लिहा."

ही गोष्ट भुसावळची, चौदा वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली. रेल्वेच्या मैदानावर सकाळी चालायला येणाऱ्यांचं आमचं एक मंडळ होतं. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले फालक गुरुजी त्याचे अध्यक्ष. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला मी चिटणीस. माझं अक्षर बरं होतं आणि मी कशालाच नाही म्हणत नसे, या दोन गुणांवर ते पद मला मिळालं होतं.

दर जानेवारीत मंडळाचं रक्ततपासणीचं शिबिर असे. एका रविवारी सगळे उपाशीपोटी येऊन रक्त देत आणि पुढच्या रविवारी प्रत्येकाचं कोलेस्टेरॉल फळ्यावर लिहिलं जाई. फळ्याला मधोमध रेघ. डावीकडे 'गोळीसह', उजवीकडे 'गोळीविना'. उजव्या बाजूला ज्याचा आकडा दोनशेच्या आत, त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार. कल्पना गुरुजींची. डावीकडच्या माणसाचा आकडा कितीही खाली आला तरी "तो गोळीचा आकडा" म्हणून ते धरत नसत. सत्कार झाला की सगळे मिळून गरम जिलबी आणि शेव खात. रक्त देण्याआधी आठ दिवस बहुतेकांनी तेल-तूप सोडलेलं असे, त्यामुळे त्या दिवशी जिलबी पुरत नसे.

मी उजवीकडे लिहिलं. ढाके, १६८.

टाळ्या वाजल्या. गुरुजींनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि दंडाला धरून मला लोकांकडे वळवलं.

"हा माणूस पाहा! सगळा जन्म खुर्चीवर बसून काढला. पुस्तकांशिवाय काही उचललं नाही. मागच्या वर्षी दोनशे बेचाळीस होता. आज एकशे अडुसष्ट! कसं केलंत, सर? सांगा सगळ्यांना."

"तेल कमी केलं," मी म्हणालो. "ज्वारीची भाकरी खातो. संध्याकाळी सातच्या आत जेवतो. रोज चार फेऱ्या."

"ऐकू येत नाही!" मागून कोणीतरी ओरडलं.

"ग्रंथालयात बोलायची बंदी असते, बाबा," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो. सांगितलं ते सगळं खरं होतं.

यादीत शेवटचं नाव बोरोलेचं होतं.

"प्रल्हाद बोरोले. दोनशे चौदा. गोळीसह."

"लिहा, सर," बोरोले मागून म्हणाला. "सिक लाइनला टाका आम्हाला."

सिक लाइन म्हणजे यार्डातला तो रूळ, जिथे बिघडलेले डबे गाडीतून तोडून बाजूला उभे करतात. बोरोले मालगाडीचा ड्रायव्हर होता, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. उंच, काटक, पोट नावाला नाही. मैदानावर सगळ्यांत आधी येणारा आणि सगळ्यांत शेवटी जाणारा तोच. आठ फेऱ्या मारायचा, कधी दहा.

"दहा फेऱ्या मारून दोनशे चौदा, तेही गोळी खाऊन?" गुरुजी म्हणाले. "ड्रायव्हरसाहेब, तुमचं इंजिन जागेवरच फिरतंय की काय?"

"माल जास्त भरलाय, गुरुजी."

"मग सरांना पुढे जोडा! चार फेऱ्यांत घाट चढवतील!"

बोरोले सगळ्यांबरोबर मोठ्याने हसला. पण त्याने जिलबी घेतली नाही.

आमची घरं एकाच बाजूला होती, त्यामुळे परतताना आम्ही नेहमी बरोबर असू. खरं तर बोलायचा तो आणि ऐकायचा मी. त्या दिवशी मात्र तो रेल्वे फाटकापर्यंत काही बोलला नाही. मी शाल काढून घडी करत होतो. चालताना ती नीट होईना.

"द्या इकडे," तो म्हणाला आणि चार सेकंदांत चौकोनी घडी करून माझ्या हातात दिली. "सर, एक विचारू? बिनगोळीचं खरंच होतं?"

"कोणाकोणाचं होत असेल."

"तुमचं झालं ना."

मी घडी केलेली शाल काखेत धरली.

"सहा वर्षं झाली मला गोळी चालू आहे," तो म्हणाला. "आधी तीनशे अठरा होतं. माझा बाप चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन होता. ड्यूटीवरून आला, पायातले बूट काढायला वाकला, तो वाकलेलाच राहिला. मोठा भाऊ एकोणपन्नासला. आमच्या घरात साठी पाहिलेला पहिला मीच."

"मग गोळी लागू पडली म्हणायची."

"लागू पडली असेल. पण बत्तीस वर्षं मी कसली भीती बाळगली, माहीत आहे? अपघाताची नाही. मेडिकलची. दर वेळी रेल्वेचा डॉक्टर कागदावर काय लिहितो. फिट लिहिलं की पेढे घेऊन घरी. अनफिट लिहिलं की ड्रायव्हर ऑफिसात बसून फायली उचलतो. आमच्यातले लोक गोळी खिशात लपवून ठेवायचे, सर. गोळी चालू म्हणजे माणूस अनफिट. आता रिटायर झालो, तरी ते डोक्यातून जात नाही. आणि हे गुरुजी दर वर्षी फळ्यावर लिहून देतात."

"फळ्याचं काय एवढं मनावर घ्यायचं?"

"तुम्हाला सोपं आहे. तुम्ही उजवीकडे आहात." तो थांबला. त्याच्या पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यांत पिवळसर चट्टे होते, हरभऱ्याच्या डाळीएवढे. उन्हात ते नेहमी स्पष्ट दिसत. "ठरलं, सर. तुमच्यासारखं करायचं. तुम्ही चार मारता, मी बारा मारीन. तेल बंद. सातच्या आत जेवण. उद्यापासून गोळी बंद."

"डॉक्टरांना विचारा आधी."

"डॉक्टर काय सांगणार, माझ्याकडे येऊ नका म्हणून?"

"पण, बोरोले..."

"पण काय?"

फाटक उघडलं. सायकली, रिक्षा, माणसं सगळी एकदम पुढे सरकली. तो माझ्या तोंडाकडे पाहत उभा होता. आजही कोणी 'पण काय' म्हणालं की मला तो उभा दिसतो.

"एकदम तेल बंद करू नका," मी म्हणालो. "हळूहळू करा."

घरी येऊन मी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी इंदूरला. दिवसभर मी ती शाल पाहत होतो. लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो, की आयुष्यात माझ्या खांद्यावर कोणी घातलेली ती पहिली शाल होती. कॉलेजातून निवृत्त झालो तेव्हा प्राचार्य बदलले होते आणि नव्यांना माझं नाव माहीत नव्हतं.

संध्याकाळी सातच्या आत भाकरी खाल्ली. मग कपाटातल्या जाड शब्दकोशामागे हात घालून गोळ्यांची पट्टी काढली आणि रोजच्याप्रमाणे एक गोळी घेतली.

ती मला जुलैपासून चालू होती, शिबिराच्या सहा महिने आधीपासून. डॉक्टर सरोदेबाईंनी लिहून दिली तेव्हा मी मंडळात सांगितलं नाही. आधीच लोक माझ्या चार फेऱ्यांवर हसत, त्यात गोळीची भर नको असं वाटलं. एवढंच. शिबिराच्या दिवशी फॉर्म गुरुजी भरत होते. 'गोळी चालू आहे का' इथे आल्यावर त्यांनी मान वर करून पाहिलं आणि माझ्या आधी तेच म्हणाले, "सरांना कसली गोळी! नाही." मागे रांग होती. मी तोंड उघडलं होतं, हे मला अजून नक्की आठवतं. पण पुढचा माणूस बाही वर करून उभा राहिला होता. मला वाटलं, नंतर कधीतरी गुरुजींना बाजूला घेऊन सांगू.

दुसऱ्या दिवसापासून बोरोले बारा फेऱ्या मारू लागला. त्याने कोणतीच गोष्ट अर्धवट केली नाही. तेलाची बाटली शेजाऱ्यांना देऊन टाकली. शेवभाजीशिवाय ज्याचा रविवार होत नसे त्याने त्यानंतर शेव तोंडात घातली नाही. भरीत खायचा तेही नुसतं भाजून, मीठ टाकून. एप्रिलपर्यंत त्याचं वजन आठ किलो उतरलं. भुसावळचा उन्हाळा म्हणजे सकाळी सातलाच मैदान तापतं, तरी त्याच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत.

"आकडा पाहिलात का मधे?" मी एकदा विचारलं.

"नाही. आकडा जानेवारीत. फळ्यावरच."

"एकदा पाहून घ्यायला काय हरकत आहे?"

"सर, गाडी यार्डातून निघाली की मी मधे उतरून चाकं मोजत नाही."

गुरुजी त्याची पाठ थोपटू लागले. "ड्रायव्हरसाहेब, यंदा शाल तुमची! सरांनी रस्ता दाखवला." तो माझ्याकडे बोट करून म्हणे, "माझे गुरू." मी हातातल्या वर्तमानपत्रात तोंड घालत असे.

जूनमध्ये मी माझ्या तपासणीला सरोदेबाईंकडे गेलो. तरुण बाई, पण स्पष्ट बोलणारी. माझा कागद पाहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर, तुमच्याबरोबर चालणारे एक पेशंट पाच महिने माझ्याकडे आले नाहीत. मी नाव घेत नाही."

"मला कळलं."

"त्यांनी गोळी बंद केली आहे?"

"हो."

"का?"

मी म्हणालो, "फेऱ्या मारतात. बारा. तेल पूर्ण बंद आहे."

"फेऱ्या माराव्यातच, तेलही कमी करावं. तुम्हालाही मी तेच सांगते. पण काही जणांचं रक्तच तसं असतं, सर. आईबापांकडून आलेलं. ते पाण्यावर राहिले तरी यकृत बनवायचं थांबत नाही. अशा माणसाने चालण्याबरोबर गोळी घ्यायची असते, चालण्याऐवजी नाही. माझं ते ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील."

"मी काय सांगू?"

"एवढंच सांगा की मीसुद्धा घेतो. बस. दुसरं काही सांगायची गरज नाही."

"सांगतो," मी म्हणालो.

"आज सांगा."

"आजच सांगतो."

त्या दिवशी मी सांगितलं नाही. घरी येऊन हृदयविकारावरच्या दोन पुस्तिका काढल्या. त्यांतल्या एकीत घराण्यात चालत आलेल्या कोलेस्टेरॉलवर अडीच पानं होती, पापण्यांवरच्या पिवळ्या चट्ट्यांच्या चित्रासकट. त्यांवर मी पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. काय बोलायचं ते एका कागदावर लिहून पाहिलं. पहिलं वाक्य तीन वेळा खोडलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी पुस्तिका घेऊन त्याच्या घरी गेलो.

बोरोले जेवत होता. कोरडी भाकरी, उकडलेला दुधी, कांदा. त्याच्या पत्नी मंदावहिनी समोर हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"या भाऊजी, या. पाहा तुमच्या चेल्याचं जेवण. आजारी माणूससुद्धा यापेक्षा बरं खातो."

"बसा, सर," बोरोले म्हणाला. "गुरूने पंगत पाहायला आलं पाहिजे अधूनमधून."

"पट्टा पाहा त्यांचा," वहिनी म्हणाल्या. "तीन नवी भोकं पाडली. परवा जिना चढताना मधेच थांबले. मी म्हटलं, काय झालं, तर म्हणे शेजाऱ्याचं मांजर पाहत होतो."

"पाहत होतो. मांजर नव्हतं काय?"

"मांजर रोजच असतं. तुम्ही रोज थांबता का?" त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही सांगा यांना. बाकी सगळं करा, मी नाही म्हणत नाही. पण गोळी तरी घ्या."

"सर घेतात का?" बोरोले म्हणाला. "नाही ना? मग?"

वहिनींनी माझ्याकडे सरळ पाहिलं. रोखून नाही, साधं, बाजारात भाव विचारताना पाहतात तसं.

"खरंच, भाऊजी? तुम्हाला कधी लागलीच नाही गोळी?"

माझ्याकडे कागदावरचं वाक्य होतं. खिशात होतं. आणि हा प्रश्न त्या वाक्याला इतका जुळणारा होता की मला फक्त 'लागते' एवढाच शब्द बोलायचा होता. मी पुस्तिका पुढे केली.

"यात सगळं दिलं आहे," मी म्हणालो. "पान बावीस. खुणा केल्या आहेत."

बोरोलेने डावा हात पुसून पुस्तिका घेतली, मुखपृष्ठावरच्या हृदयाचं चित्र पाहिलं आणि परत दिली.

"तुम्ही वाचलीत ना?"

"हो."

"मग मी वाचल्यासारखंच झालं."

वहिनी चहा करायला उठल्या. मी चहा घेतला आणि घरी आलो.

त्यानंतर काही दिवस मी सरोदेबाईंच्या दवाखान्यासमोरून जाणं टाळलं. स्वतःला सांगितलं, जानेवारी जवळ येतोय. फळ्यावर आकडा आला की त्याचा त्यालाच कळेल, आणि तो पुन्हा गोळी सुरू करील. मला काही बोलावंच लागणार नाही. ही युक्ती मला इतकी पटली की मी त्या शिबिराची वाट पाहू लागलो.

ऑक्टोबरात तो एकदा म्हणाला की डावा खांदा भरून येतो. सिलेंडर उचलला होता म्हणे. मी म्हणालो, "दाखवून या." तो म्हणाला, "दाखवायला गेलो की ती बाई पुन्हा गोळी लिहील."

दिवाळी झाल्यावरच्या गुरुवारी माझ्या चार फेऱ्या संपवून मी बाकावर बसलो होतो. बोरोले सातव्या फेरीवर होता. समोरून जाताना तो दर वेळी बोटांनी आकडा दाखवायचा. त्याने सात बोटं दाखवली. मग दहा-बारा पावलं पुढे गेला, थांबला, वळला आणि परत येऊन माझ्या शेजारी बसला.

"जरा बसतो."

"बसा की."

"पाच मिनिटं." त्याने कपाळावरून हात फिरवला. हात ओला झाला. गार सकाळ होती. "सर, जानेवारीला किती दिवस राहिले?"

"दोन महिने. थोडे जास्तच."

"पुरेत," तो म्हणाला.

मी वर्तमानपत्राचं पान उलटलं, तेवढ्यात त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, चेष्टा करतोय. अशा चेष्टा तो करायचा. मी म्हणालो, "काय हे, ड्रायव्हरसाहेब."

गुरुजींनी शिट्टी फुंकली, लोक धावले, कोणीतरी रिक्षा मैदानात घातली. दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी आमच्यापैकी कोणाकडे पाहायचं हे त्यांना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेराव्याला गुरुजी बोलले. "एवढा नियमाचा माणूस मी पाहिला नाही. बारा फेऱ्या! वेळ आली की काही चालत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मंदावहिनींनीही हलवली.

जानेवारीत शिबिर झालं. माझा आकडा एकशे एकाहत्तर आला. गुरुजी शाल घेऊन उभे राहिले. मी म्हणालो, यंदा सत्कार नको, बोरोले गेले आहेत. तेव्हा गुरुजींनी शाल खाली ठेवून सगळ्यांना सांगितलं की मैत्री अशी असते. त्यानंतर मी चिटणीसपद सोडलं, आणि मैदानही. चालायचं म्हणून कालव्याच्या रस्त्याने जाऊ लागलो.

मार्चमध्ये लोकेश आला. बोरोलेचा मुलगा. नाशिकला एका कारखान्यात होता, वय एकतीस, लग्नाला दोन वर्षं झालेली. दारात उभा राहून म्हणाला, "काका, वेळ आहे का?"

मी त्याला आत बसवलं. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

"बाबांचं झाल्यावर बायको म्हणाली, तूही तपासून घे. दोनशे शहाण्णव आहे. तिथल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. म्हणाले, जन्मभर. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, एवढ्या तरण्या वयात जन्मभराची गोळी कशाला? आधी ढाके काकांना भेट, त्यांनी गोळीविना केलंय, ते नीट सांगतील." तो थोडं हसला. "म्हणून आलो."

तो उजेडाकडे तोंड करून बसला होता. त्याच्या उजव्या पापणीच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका होता. अजून तांदळाच्या कणीएवढाच.

"लोकेश," मी म्हणालो, "मी गोळी घेतो."

"आता सुरू केली?"

"नाही. आधीपासून. फळ्यावर माझा आकडा लिहिला त्याच्या सहा महिने आधीपासून."

त्याला पटकन समजलं नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"कोणालाच माहीत नव्हतं?"

"डॉक्टरबाईंना होतं. त्यांनी मला सांगायला सांगितलं होतं. जूनमध्ये."

"आणि बाबा गेले नोव्हेंबरात."

"हो."

पंख्याचा आवाज येत होता. मी तयार होतो. त्याने आरडाओरडा केला असता, मला मारलं असतं, तर मला ते सोपं गेलं असतं.

"काका," तो शेवटी म्हणाला, "किती वेळ लागला असता सांगायला?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी उठलो. "मी आत्ता तुझ्याबरोबर येतो. वहिनींना सांगतो. आधीच सांगायला हवं होतं."

"बसा."

"नाही, मला सांगायचंच आहे."

"बसा, काका!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. मी बसलो. "तुम्ही सांगाल आणि मोकळे व्हाल. आई काय करील? तिला वाटतं, बाबांची वेळ आली होती. ते वाटतं म्हणून ती जेवते, झोपते, शेजारी भजनाला जाते. बाबा एका गोळीसाठी गेले, हे तिला कळलं तर? तिने तुम्हाला विचारलं होतं ना? समोर बसवून विचारलं होतं. तिनेच मला सांगितलं. म्हणाली, मी भाऊजींना स्पष्ट विचारलं, त्यांनी पुस्तक दिलं. ती त्या पुस्तकाला अजून हळदकुंकू लावते."

मी पुस्तिका त्या दिवशी त्यांच्या घरीच विसरलो होतो, हे मला तेव्हा कळलं.

"मग मी काय करू?" मी विचारलं. पासष्ट वर्षांचा माणूस, एकतीस वर्षांच्या मुलाला.

"काही नाही. आतापर्यंत केलंत तेच करा. गप्प बसा." तो उठला. दारात त्याने चपला घातल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "गोळी मी घेईन. आईला सांगेन, डॉक्टर ऐकत नाहीत."

तो गेला. मी ज्या कामासाठी आयुष्यभर नालायक होतो, ते एकदाचं केलं होतं, आणि त्याच वेळी ते पुन्हा न करण्याचं वचन माझ्याकडून घेतलं गेलं होतं.

याला आता तेरा वर्षं होतील. लोकेश गोळी घेतो. तो गेल्या वर्षी चव्वेचाळीसचा झाला, त्याचे आजोबा गेले त्या वयाचा. त्या वयाच्या पुढे जाणं त्या घरात सोपं नव्हतं. मला तो भेटत नाही. गणपतीत आला तर समोरच्या फुटपाथने जातो.

मंदावहिनी मात्र येतात. महिन्यातून एकदा तरी येतात, माझ्यासाठी जवसाची चटणी घेऊन, बिनतेलाची. मी पथ्याचा माणूस म्हणून. मागच्या आठवड्यातही आल्या. गुडघे दुखतात, तरी दोन जिने चढून आल्या. पाणी प्यायल्या, श्वास घेतला.

"लोकेशला अजून गोळी लागते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "किती सांगितलं, काकांसारखं कर. जमत नाही त्याला. निश्चय लागतो."

"लागू दे, वहिनी. गोळी चांगली असते."

"तुम्ही म्हणणारच. तुम्ही कोणालाच वाईट म्हणत नाही." त्या पदराने वारा घेत होत्या. "इतकी वर्षं मी कोणाजवळ बोलले नाही, तुम्हाला म्हणून सांगते. ह्यांच्याकडेही नव्हता निश्चय. मी नंतर फार विचार केला. तेच जेवण, तेच चालणं. उलट यांचं चालणं तुमच्या तिप्पट. मग तुम्हाला लागू पडलं आणि यांना का नाही? खात असणार, भाऊजी. बाहेर कुठेतरी चोरून खात असणार."

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "बोरोलेने काही चोरून खाल्लं नाही. कधीच नाही. ते मला माहीत आहे."

माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला असावा. त्या चमकून माझ्याकडे पाहू लागल्या. मी पुढे बोलेन म्हणून थोडं थांबल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, आणि त्यांनी चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही त्यांचे मित्र ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांचं झाकणारच."